मुलीच्या गालावर आणि दंडावर फिकट डाग – कोड असेल का?

अंगणवेल – १२ एप्रिल, रात्री १०:४०

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज राहवलं नाही.

लेक अकरा वर्षांची आहे, जूनमध्ये सहावीत जाईल. दिवाळीच्या आसपास तिच्या दोन्ही गालांवर फिकट डाग दिसायला लागले. दहाच्या नाण्याएवढे असतील. अगदी पांढरे नाहीत, पण तिच्या सावळ्या रंगावर उठून दिसतात. कडा कुठे सुरू होते ते नीट कळत नाही. हात फिरवला की जरा खरखरीत लागतात. खाजत नाहीत, दुखत नाहीत. उन्हातून खेळून आली की जास्तच दिसतात.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी जंतांचं औषध दिलं, मग दोन महिने कॅल्शियमच्या गोळ्या. फरक नाही. मग औषधाच्या दुकानात विचारलं तर त्यांनी एक ट्यूब हातात ठेवली. आठ दिवसांत डाग गेल्यासारखे वाटले, मी सुटकेचा श्वास टाकला. ट्यूब बंद केली आणि पंधरा दिवसांत डाग परत, वर गाल लाल आणि बारीक पुरळ. म्हणून पुन्हा लावते आहे.

शाळेत एका मुलीने तिला सगळ्यांसमोर "तुला कोड झालंय" म्हटलं. तेव्हापासून ती तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय खाली खेळायलाही जात नाही. सासूबाईंच्या माहेरी एका चुलत मामांना कोड होतं, त्यामुळे माझ्याही पोटात गोळा आला आहे.

असाच एक डाग डाव्या दंडावर, मागच्या बाजूला, कोपराच्या जरा वर आहे. तो जुना, वर्ष तरी झालं असेल. त्याचा काहीच त्रास नाही म्हणून मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

कुणाच्या मुलांना असं झालं होतं का? हे कोड असेल का? रात्री झोप लागत नाही मला.

सुमनकाकू – १२ एप्रिल, रात्री ११:१५

अगं घाबरू नकोस. आमच्या वेळी प्रत्येक घरात एका तरी पोराच्या गालावर हे डाग असायचेच. जंत असतात पोटात. वावडिंग द्यायचे आम्ही. गोड कमी कर तिचं, आणि रात्री खोबरेल तेल लावत जा. वयात आली की जातात आपोआप.

मोहर – १३ एप्रिल, सकाळी ७:५०

काकू, डाग आपोआप जातात हे खरं, तेलाचंही खरं, पण जंतांचा त्याच्याशी संबंध नसतो. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना हेच झालं होतं. मीही जंतांचं औषध आणि कॅल्शियम दोन्ही करून बसले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी दोन मिनिटांत सांगितलं, पिटिरियासिस अल्बा. नाव भारदस्त, दुखणं साधं. कोरडी त्वचा असते, त्यात सौम्य इसब असतं, ते बसतं आणि मागे फिकट डाग राहतो. उन्हाने आजूबाजूची कातडी काळवंडते, डाग तसाच राहतो, म्हणून उन्हाळ्यात जास्त दिसतो. माझ्या मुलाला लहानपणी गुडघ्यामागे इसब होतं, सर्दी-शिंकांचा त्रास होता, ते सगळं एकाच माळेतलं निघालं.

उपाय काय दिला होता? अंघोळ झाल्यावर ओल्या अंगावरच मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा. साबण साधा. बाहेर जाताना सनस्क्रीन. एवढंच. पण धीर धरावा लागला, डाग पूर्ण जायला वर्ष गेलं. या दिवाळीला आलेले त्या दिवाळीपर्यंत होतेच थोडे.

ती ट्यूब मात्र आजच बंद कर. कव्हरवर तीन-चार नावं आहेत का बघ, त्यात एखादं 'सोन'ने संपणारं किंवा 'सोल'ने संपणारं?

अंगणवेल – १३ एप्रिल, सकाळी ९:०५

हो, क्लोबेटासोल लिहिलंय. आणि बुरशीचं एक, जंतूंचं एक.

त्वचावैद्य_सातारा – १३ एप्रिल, दुपारी २:३०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न तपासता निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगणं माझं काम आहे.

क्लोबेटासोल हे फार तीव्र स्टिरॉइड आहे. मुलांच्या चेहऱ्यावर ते लावायचंच नाही. लावलं की सूज बसते, म्हणून डाग गेल्यासारखा वाटतो. बंद केलं की दुप्पट जोराने उसळतो. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि गंमत म्हणजे त्याच औषधाने त्वचा आणखी फिकट पडते. माझ्याकडे रोज असे दोन तरी चेहरे येतात. "गोरं करणारी क्रीम", "गजकर्णाची ट्यूब" म्हणून हेच विकलं जातं आणि मला त्याचा मनापासून संताप येतो. तुम्ही महिन्याभराच्या आत बंद करत आहात, त्यामुळे गाल सावरतील. पुढचे काही दिवस लाली वाढली तर घाबरून पुन्हा लावू नका.

गालाच्या वर्णनावरून मोहर म्हणतात ते पटण्यासारखं आहे. कोडाचा डाग दुधासारखा शुभ्र असतो, कडा आखल्यासारखी स्पष्ट असते आणि स्पर्शाला तो आजूबाजूच्या कातडीसारखाच गुळगुळीत लागतो, खरखर नसते. शंका असेल तर अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प नावाच्या दिव्याखाली पाहतात. कोड असेल तर डाग निळसर-पांढरा लख्ख चमकतो. सुई नाही, दुखणं नाही.

कोकणकडा – १३ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

शिबी असतील का? आमच्याकडे रत्नागिरीला पावसाळ्यात निम्म्या वर्गाच्या मानेवर, छातीवर असायची. बारीक बारीक ठिपके, एकत्र होऊन नकाशा झाल्यासारखे. नखाने खरवडलं की कोंडा पडतो. बुरशीच्या औषधाने ती लगेच मरते, रंग मात्र भरायला दोन-तीन महिने लागतात, तेवढ्यात लोक औषधाला नावं ठेवून दुसरं घेतात.

त्वचावैद्य_सातारा – १३ एप्रिल, संध्याकाळी ७:००

शिबी वयात येणाऱ्या मुलांत, घाम येणाऱ्या जागी, पाठ-छाती-मानेवर जास्त. गालावर नसतातच असं नाही, पण हे वर्णन त्यात बसत नाही.

निशिगंध_७ – १३ एप्रिल, रात्री ९:४५

मला कोड आहे. नवव्या वर्षी वरच्या ओठाच्या कोपऱ्यात सुरू झालं, मग बोटांची पेरं, गुडघे. आज मी बेचाळीस वर्षांची आहे.

अंगणवेल, तुमच्या लेकीला कोड नसावं असंच वाटतंय आणि नसेल तर आनंद आहे. पण "कोड असेल का" या प्रश्नाखाली जी भीती दिसते तिच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोड म्हणजे शरीराच्याच संरक्षक पेशींनी रंगाच्या पेशींवर केलेला हल्ला. ते लागत नाही. माझं ताट, माझा टॉवेल, माझी मिठी, कशानेच नाही. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने होत नाही. माझ्या आईने वीस वर्षं घरात मासा शिजवला नाही, स्वतःला दोष देत राहिली.

दहावीच्या सुट्टीत मला एकांनी बावचीचं तेल लावून उन्हात बसवलं होतं. बावचीत सोरालेन असतं, त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. दोन्ही गुडघ्यांवर लिंबाएवढे फोड आले. त्याचे व्रण आजही डागापेक्षा जास्त दिसतात. आता टॅक्रोलिमसचं मलम असतं, ठरावीक मात्रेत अतिनील किरणांचे उपचार असतात, डाग स्थिर झाला तर त्वचारोपण होतं. लहान मुलांच्या चेहऱ्यावर तर रंग पुष्कळदा चांगला परत येतो. पुण्यात असाल तर कोड असलेल्यांसाठी काम करणारी श्वेता असोसिएशन आहे, तिथे बसून नुसतं बोललं तरी माणूस सुटा होतो.

लेकीला सांगा, "तुला कोड नाही" हे उत्तर पुरेसं नाही. ज्या मुलीला असेल तिलाही रुमाल बांधावा लागू नये.

अंगणवेल – १३ एप्रिल, रात्री १०:२०

निशिगंध, वाचून रडू आलं. चुकलंच माझं. तिला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवणार आहे. ट्यूब कचऱ्यात टाकली.

वर्धेची_आशा – १४ एप्रिल, दुपारी १:१५

ताई, गालाचं बाकीचे सांगूनच राह्यले. मले तुमच्या पोरीच्या दंडावरच्या डागाचं विचाराचं हाये. तुम्ही लिवलं का त्याचा काहीच त्रास नाई. हेच मले खटकलं.

आशाचं काम हाये माह्यं, वर्धा जिल्ह्यात. दरसाल घरोघरी जाऊन डाग पाह्याचं काम असते आमच्याकडं. आमाले शिकवतेत का जो डाग खाजते, आग होते, त्याचं एवढं भेव नाई. जो डाग गुमान बसून राहते, त्याले आधी हात लावून पाहा. कापूस लावा, डोये मिटाले सांगा. त्या डागावर लव हाये का? घाम येते का? पोरगी लहानपणी कुठं राहिली? रागावू नका, पण विचारल्याशिवाय राहवत नाई.

अंगणवेल – १४ एप्रिल, दुपारी ४:००

रागावत नाही ताई. आम्ही आता पुण्यात आहोत, पण ती सात वर्षांची होईपर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या गावी सासरी होतो. तुम्ही ज्या आजाराबद्दल बोलताय तो मला कळला. पण आमच्या घरात तर कुणालाच नाही. आणि तो तर आता संपला ना?

त्वचावैद्य_सातारा – १४ एप्रिल, रात्री ८:३०

आशाताईंनी अचूक जागी बोट ठेवलं. मी गालात गुंतलो आणि दंडाचा प्रश्न विचारायचा राहिला, ही माझी चूक.

कुष्ठरोग संपलेला नाही. २००५ च्या अखेरीस देशात दर १०,००० लोकांमागे रुग्णसंख्या एकाच्या खाली आली, त्याला 'सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन' असं नाव दिलं गेलं. लोकांनी त्यातला शेवटचा शब्द तेवढा लक्षात ठेवला. नवे रुग्ण दरवर्षी सापडतात, विदर्भात सापडतात, पालघरला सापडतात, मुलांमध्येही सापडतात. जंतू फार संथ. शरीरात शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. त्यामुळे "गाव सोडून चार वर्षं झाली" याने काही सुटत नाही.

हा जंतू नसांमध्ये घर करतो. म्हणून डागाची जाणीव जाते. घरी पाहायचं असेल तर कापसाचं टोक पिळून घ्या. आधी डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर लावून दाखवा, मुलीला खेळ समजू द्या. मग डोळे मिटायला सांगून, जिथे स्पर्श होईल तिथे तिने बोट ठेवायचं. कधी डागावर, कधी बाजूला. घासायचं नाही, दाबायचं नाही, सुई तर नाहीच. गालावर ही परीक्षा करून निष्कर्ष काढू नका, चेहऱ्याला नसांची इतकी रेलचेल असते की तिथली जाणीव शाबूत राहू शकते.

जाणीव असली तरी दाखवून या. नसली तर याच आठवड्यात.

अंगणवेल – १९ एप्रिल, संध्याकाळी ७:३५

पाच दिवस हिंमत झाली नाही. आज रविवार, घरात दोघीच होतो.

देवघरातला वातीचा कापूस घेतला. तिला गॅलरीत उजेडात बसवलं, फ्रॉकची बाही वर केली. डोळे उघडे ठेवून दोनदा लावून दाखवलं, ती हसायला लागली, गुदगुल्या होतात म्हणाली. मग डोळे मिटले. मनगटावर लावला, तिने बोट ठेवलं. कोपरावर लावला, बोट ठेवलं. खांद्याजवळ, बोट ठेवलं. मग डागाच्या मधोमध लावला. तिचं बोट हवेतच राहिलं. पुन्हा लावला. पुन्हा. ती म्हणाली, "आई, थांबलीस का?"

आज पहिल्यांदा डाग नीट पाहिला. तळहाताच्या खळग्याएवढा आहे. सगळ्या दंडावर बारीक लव आहे, तिथे एकही केस नाही. कडा जरा उचललेली. वर्षभर मी तिला अंघोळीला पाणी काढून देते, वेणी घालते, आणि मला हे दिसलं नाही.

उद्या सकाळी नेते आहे.

मोहर – १९ एप्रिल, संध्याकाळी ७:५०

अंगणवेल, तुम्ही आज पाहिलंत. एवढंच धरून ठेवा. उद्या सोबत येऊ का कुणी?

वर्धेची_आशा – १९ एप्रिल, रात्री ८:१०

ताई, रडू नका. लवकर सापडलं. एक डाग हाये, बोटं सरळ हायेत, बस. म्या साठ वर्साच्या बाया पायल्या, बोटं वाकली तवा दवाखान्यात आल्या. तुमच्या पोरीचं काहीच जाणार नाई. औषध सरकारी दवाखान्यात फुकट भेटते, बाजारात हिंडू नका.

अंगणवेल – २७ एप्रिल, रात्री ११:००

सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात दाखवलं. गाल पाहून बाईंनी एका वाक्यात सांगितलं, पिटिरियासिस अल्बा, मॉइश्चरायझर लावा, विसरून जा. पाच महिने ज्याने झोप उडवली होती ते असं एका वाक्यात संपलं.

दंडाला मात्र अर्धा तास दिला. कापूस, मग नायलॉनच्या बारीक तारांसारखं काहीतरी, गरम-गार पाण्याच्या नळ्या. कोपराच्या मागची नस दोन्ही हातांना चाचपली. बोटं फाकवायला, करंगळीत कागद धरायला सांगितला. डोळे घट्ट मिटायला लावले. पायांची पाहणी. कानाच्या पाळीतून चिमटीत धरून पातळ द्राव घेतला, डागाचा छोटा तुकडा तपासणीला. आज कळलं. कुष्ठरोगच आहे. एकच डाग, नस जाड नाही, द्रावात जंतू नाहीत. कमी जंतूंचा प्रकार. सहा महिने औषध.

मी हा शब्द कागदावर वाचला आणि आमच्या गावचा बाजार आठवला. लहानपणी नव्हे, लग्न होऊन गेल्यावर पाहिलेला. एका बाईला भाजीवाला सुटे पैसे जमिनीवर टाकून द्यायचा, हातात नाही.

नवरा म्हणतो कुणालाच सांगायचं नाही, शाळेत तर नाहीच. काय करू?

रानजाई – २८ एप्रिल, सकाळी ६:२०

मी आजवर हे कुठेच लिहिलं नव्हतं.

मला चौथीत असताना झाला. शाळेत तपासणीला आले होते, रांगेत उभं करून सदरे काढायला लावले, माझ्या पाठीवर डाग होता. सगळ्या वर्गासमोर नाव घेतलं. आईने गोळ्यांची पाकिटं मेतकुटाच्या डब्याखाली लपवली. रोज दार लावून गोळी द्यायची. आजी विचारायची तर "रक्त वाढायची" म्हणायची. सहा महिन्यांत औषध संपलं, डाग हळूहळू भरला. पुढे डीएड केलं, आज शिक्षिका आहे, दोन मुलं आहेत, दोघं ठणठणीत. गोळ्यांनी मला बरं केलं. बंद दाराचं मात्र मी अजून विसरले नाही. मला वाटायचं मी काहीतरी वाईट केलंय.

शाळेत सांगायची गरज नाही. तुमची मुलगी कुणाला काही देणार नाही, कमी जंतूंचा प्रकार तसाही फारसा पसरत नाही आणि औषध सुरू झालं की तोही प्रश्न मिटतो. तिला शाळेतून एक दिवसही काढू नका. पण तिला स्वतःला खरं सांगा. नावासकट. अकरा वर्षांच्या मुलीला आईचा चेहरा वाचता येतो.

त्वचावैद्य_सातारा – २८ एप्रिल, दुपारी २:००

रानजाई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार.

अंगणवेल, औषधाचं थोडं. २८ दिवसांचं एक पाकीट, अशी सहा. पहिल्या दिवसाचा डोस दवाखान्यात समोर घ्यायचा, त्यात रिफॅम्पिसिन असतं, त्या दिवशी लघवी तांबडी होईल. ते रक्त नव्हे. डॅप्सोन वगैरे रोजच्या गोळ्या घरी. सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, धाप किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच परत. मध्येच डाग लाल होऊन सुजला, कोपरात कळ आली, पकड ढिली वाटली तर तीही त्याच दिवशी दाखवायची गोष्ट, त्याला वेगळं औषध लागतं. पण मूळ गोळ्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत.

आणि एक, जे ऐकायला जड जाईल. मुलाला हा आजार झाला याचा अर्थ जवळच्या कुणा मोठ्या माणसाला, बहुतेक नकळत, तो असण्याची शक्यता मोठी. श्वासावाटे, दीर्घ सहवासातून पसरतो. हात लावून, एका ताटात जेवून नाही. बहुतेकांच्या शरीराला तो पचवता येतो, काहींना नाही. तुम्ही गावी ज्या घरात राहिलात तिथले सगळे तपासून घ्या. ज्यांना नाही त्यांना प्रतिबंधासाठी रिफॅम्पिसिनचा एकच डोस देतात.

अंगणवेल – १७ मे, रात्री ९:३०

गावी जाऊन आलो. मामंजींचं निघालं. खूप जंतूंचा प्रकार.

आता सगळं दिसतंय. त्यांच्या भुवया बाहेरच्या बाजूने विरळ झाल्या होत्या, आम्ही म्हणायचो वय झालं. चेहरा तुळतुळीत, कानाच्या पाळ्या जाड, सगळे म्हणायचे म्हातारपणी तेज आलंय. शेतात चिखलात एक चप्पल पायातून निसटायची, त्यांना घरी आल्यावर कळायचं, आणि सासूबाई रागवायच्या की लक्ष नसतं. दोन वर्षांपूर्वी चुलीजवळ बसून पायाला भाजलं, मांस जळल्याचा वास सासूबाईंना आला, त्यांना नाही कळलं. साखर असेल म्हणून तपासली होती. साखर नव्हती. तिथेच कुणीतरी थांबायला हवं होतं.

नात त्यांच्याच कुशीत झोपायची. रोज. तेच तिला गोष्टी सांगायचे.

दवाखान्याच्या बाकावर ते काही बोललेच नाहीत. घरी आल्यावर वाडग्यात पाणी घेऊन वेगळे बसले, म्हणाले, "आता मला आनंदवनात टाकून या." त्यांच्या लहानपणी गावातल्या एकाला घरच्यांनी बैलगाडीत घालून रात्री सोडलं होतं, ते त्यांनी पाहिलंय. मी काय बोलणार होते? लेकच उठली आणि त्यांच्या ताटात जाऊन बसली. म्हणाली, "आबा, माझं सहा महिने, तुमचं बारा. मी आधी पास होणार."

वर्धेची_आशा – १७ मे, रात्री १०:०५

त्याइले सांगा, आनंदवन टाकाची जागा नोय. बाबा आमट्यांनी १९४९ मधी वरोऱ्याले काढलं ते माणसं उभी कराले. तिथली माणसं शेती करतेत, हातमाग चालवतेत. आन् आता कोणाले घर सोडा लागत नाई. गोळ्या घरीच घ्या.

पायाचं मात्र सांगतो. बधीर पायाले साधी पायताणं चालत नाईत. आतून मऊ रबराची, मागं पट्टा असलेली चप्पल भेटते, एमसीआर म्हणतेत, कुष्ठरोग कार्यक्रमातून भेटते, विचारा. रोज पाय पाण्यात बुडवून ठेवा अर्धा तास, पुसा, तेल लावा, आन् तळवा कोणीतरी पाहा. त्याइले दुखत नाई म्हणून दुसऱ्याच्या डोळ्यानं पाहा लागते.

निशिगंध_७ – १८ मे, सकाळी ८:००

कायद्यानेही थोडी लाज बाळगली आहे. २०१९ पर्यंत या आजारावरून घटस्फोट मागता येत होता. त्या वर्षी ते कलम काढलं. कोर्टात जी गोष्ट मिटायला इतकी वर्षं लागली ती घराघरांत मिटायला वेळ लागेल, पण तुमच्या घरात एका ताटात मिटली.

अंगणवेल – २३ जुलै, रात्री १०:१०

चौथं पाकीट सुरू झालं. मध्ये एकदा डाग लाल होऊन फुगला, मी गर्भगळीत झाले होते. त्याच दिवशी नेलं. शरीर जंतूंशी झुंजतंय त्याची प्रतिक्रिया आहे, नस ठीक आहे म्हणाल्या, आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं, उतरलं. मामंजींचा रंग मात्र क्लोफाझिमिनने काळपट-तांबूस झालाय. गावात लोक विचारतात. ते आता सरळ सांगतात, गोळ्यांचा रंग आहे, संपल्यावर जाईल.

गालांचे डाग जवळजवळ गेले. कधी गेले ते पाहायलाही कुणाला सवड झाली नाही.

सुमनकाकू – २४ जुलै, सकाळी ७:१५

अंगणवेल, मी जंत म्हणून मोकळी झाले होते. दंडाचं वाचलंच नव्हतं मी. आमच्या कामवालीच्या मुलाच्या पाठीवर डाग आहे, काल तिला वात देऊन पाहायला लावलं. त्याला कळतंय. तरी शनिवारी दवाखान्यात घेऊन जाते आहे.

अंगणवेल – १८ नोव्हेंबर, रात्री ८:४५

१२ ऑक्टोबरला तिची शेवटची गोळी झाली. डाग अजून आहे, पुसट. बाईंनी सांगितलं की जंतू मेले म्हणजे बरी झाली, रंग सावकाश भरेल, मधल्या भागाची जाणीव पूर्ण परत येईलच असं नाही. परवा कापूस लावला तर कडेकडेने कळलं, मध्ये नाही. एक-दोन केस उगवलेत, ते तिनेच भिंग घेऊन दाखवले.

दिवाळीला गावी होतो. मामंजींची अजून पाच-सहा पाकिटं आहेत. संध्याकाळी ते पाय बादलीतून काढतात, ती पंच्याने पुसते आणि दिव्यासमोर तळवा धरून बघते, एकेक बोट फाकवून. तिसऱ्या दिवशी टाचेत बाभळीचा काटा सापडला, चांगला अर्ध्या नखाएवढा. सकाळपासून त्याच्यावरच चालत होते. तिने चिमट्याने काढला, त्यांना दाखवला, आणि चप्पल पालथी करून दारात आपटली.

वर्धेची_आशा – १८ नोव्हेंबर, रात्री ९:२०

जखमेवर माती बसू देऊ नका. दोन दिवस त्या पायावर जोर नाई टाकाचा. पोरीले शाबासकी सांगा माह्याकडून.